बारीक झालेला आ-छुआन

या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय कुओ आजोबा, विद्यापीठातून आवर्जून आलेले मान्यवर, आजच्या उत्सवमूर्ती प्राध्यापिका ल्याव पी-युन बाई, आणि दुकानं अर्धी उघडी टाकून माझू देवीच्या या मंडपात जमलेल्या माझ्या बाजारकरांनो, सर्वांना सप्रेम नमस्कार!

मी थू शु-छिन. लोणचं विकणारी बाई. माइकची सवय नाही, गळ्याची मात्र आहे.

बाईंनी उंदरांवर प्रयोग केले, हे तुम्ही जाणताच. काहींना ताज्या तेलातलं खाणं, काहींना पुन्हा पुन्हा तापवून काळं पडलेल्या तेलातलं. निकाल काय लागला? जुन्या तेलावरच्या उंदरांची चरबी घटली! ही बातमी छापून आली आणि आपल्या गल्लीत फटाके वाजायचे तेवढे राहिले. माझा थोरला भाऊ आ-छुआन टोफू तळतो. त्यानं लगेच फलक टांगला : ‘आमचं तळण खा, बारीक व्हा!’ जाहिरात तो स्वतःच होता. येईल त्याला कमरेचा सैल पट्टा दाखवायचा. वजन झपाट्यानं उतरत होतं ना!

आणि एका दुपारी बाई स्वतः येऊन उभ्या राहिल्या.

“हा फलक कुणाचा?”

“माझा! तुमचीच कृपा, बाई. या, टोफू घ्या.”

“बातमी अर्धीच वाचलीत. त्या उंदरांची चरबी घटली, पण यकृत वाढलं आणि साखर पचेना. ते बारीक होणं चांगलं नव्हतं.”

“मी काय उंदीर आहे?”

“नाही. उंदीर उलट उत्तर देत नाहीत.”

सगळी गल्ली हसली. बाई मात्र हसल्या नाहीत. दादा बोलता बोलता चहाचा जग तोंडाला लावत होता, तिकडे त्यांचं लक्ष होतं.

“तहान फार लागते?”

“या कढईपुढे उभ्या राहून बघा, म्हणजे कळेल!”

तेवढ्यात वहिनी म्हणाली, “बाई, झोपेतूनही उठून पाणी पितात हो. आणि पाय सारखे मुंग्या आल्यासारखे.”

“उद्या उपाशीपोटी दवाखान्यात चला. मी येते सोबत.”

दादा भडकला. “मला आजारी ठरवून माझा धंदा बसवायचाय का?”

त्या बाईंचं आणि आमचं नातं काय होतं, सांगा? तरी सकाळी त्यांची स्कूटर दाराशी हजर! दादा हलेना. शेवटी वहिनीनं कढई उचलून आत नेली आणि म्हणाली, “तपासणी झाल्याशिवाय ही मिळायची नाही.” गेला मग, पाय आपटत; मागोमाग मीही.

साखर भलतीच वाढलेली निघाली. डॉक्टर म्हणाले, आणखी हयगय केली असती तर डोळ्यांवर बेतलं असतं. बाकावर बसलेल्या दादाचा चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही. त्यानं हळूच विचारलं, “बाई, माझ्या तेलानंच झालं का हे?”

मंडळी, त्या वेळी ‘हो’ म्हणणं किती सोपं होतं! बाई म्हणाल्या, “मला माहीत नाही. उंदरांवरून तुमचं छातीठोक सांगणं खोटेपणा होईल. पण तेल बदला. आणि औषध चुकवू नका.”

त्या ‘माहीत नाही’नंच आम्हाला जिंकलं. सगळं येतं म्हणणारे खूप भेटतात हो. यांनी स्वतःच्या आयुष्यभराच्या कामाबद्दलही खरं तेच सांगितलं. दादानं फलक स्वतःच्या हातानं उतरवला. मग बाई दुकानोदुकानी फिरल्या. फेस धरला, काळं पडलं, धूर लवकर यायला लागला, की तेल ओतून द्यायचं, हे चिडचिड करत का होईना, पण सगळ्यांनी शिकून घेतलं. त्यात माझ्या शेजारच्या कोंबडीवाल्याची कुरकुर तर अजून संपलेली नाही. पण तेल मात्र रोज बदलतो!

दादा समोर बसलाय. गाल पुन्हा भरलेत, साखर आटोक्यात आहे. बोलायला त्यालाच सांगितलं होतं, म्हणाला, “मी रडेन, तू बोल.” म्हणून त्याचा निरोप मी सांगते. बाई, पुढच्या महिन्यात त्याच्या लेकीचं लग्न आहे. आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत मुख्य टेबलाशी घरची वडीलधारी माणसं बसतात. तिथली एक खुर्ची त्यानं तुमच्यासाठी राखलीय. नाही म्हणू नका.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, तुमचे आभार कसे मानू? बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर बहीण समजून पोटात घाला. रजा घेते.