चोवीस कसले?

…आणि वर मलाच म्हणतात, "आकडा तू चुकीचा वाचलास!" आता तुम्हीच ऐका आणि सांगा. तीस वर्षं हे दुकानात मापं घेतायत, मी वहीत उतरवतेय, एकदा तरी चूक? झोपेतसुद्धा "कंबर चौतीस" पुटपुटणारा माणूस! पण लेक आली सुट्टीला, नकाशे काढायच्या ऑफिसात असते ती, तिनं हातात नवी टेप ठेवली. "बाबा, सगळे सेंटीमीटरवर गेले, तुम्हीच तेवढे मागे." झालं! मी दहा वर्षं पंखा बदला म्हणतेय तो बदलेना, आणि लेकीच्या एका वाक्यावर यांनी इंच हद्दपार केले. "आता सगळं सेंटीमीटरमध्ये!"

सगळं म्हणजे सगळं हो! शेजारच्या आजींनी विचारलं, पोस्ट किती लांब? "साडेचारशे मीटर!" अहो, त्यांना चालत जाऊ की नको एवढंच हवं होतं! मी भाजी चिरतेय तर मागून, "तुकडे दोन सेंटीमीटरचे." म्हटलं, पट्टी देते, मोजून गिळा!

तर अशात आले हेडमास्तर. निवृत्तीचा समारंभ, नवा कोट हवा. यांनी छाती सांगितली, एकशे दोन. लिहिली. कंबर, शहाण्णव. लिहिली. मग टेप हातात उलटी झाली, दुसऱ्या बाजूला इंच, यांचं लक्ष हेडमास्तरांच्या गप्पांत… "बाही चोवीस!" मी म्हटलं, अहो, चोवीस कसले? "आता सगळं सेंटीमीटरमध्ये! विचारायचं नाही!" बरं बाबा. नाही विचारत. मी वाचलं चोवीस, यांनी कापलं चोवीस… सेंटीमीटर!

समारंभाला दोन दिवस उरले आणि हेडमास्तर आरशासमोर. बाह्या कोपराच्याही वर! हे पांढरेफटक. मी धाग्याच्या रिळात तोंड खुपसलेलं. हेडमास्तरांनी एक हात वर केला, दुसरा वर केला, आणि शांतपणे म्हणाले, "अहो, मी निवृत्त होतोय… बालवर्गात नाव घालत नाहीये!" आणि स्वतःच असे हसले, असे हसले, की यांच्या जिवात जीव आला. बाह्या आखूड कापल्या म्हणून कापड तर उरलेलंच होतं! दोन दिवस हे जागचे हलले नाहीत, बाह्या नव्या बसवल्या, आणि खरं सांगते, असा कोट यांनी जन्मात शिवला नव्हता. हेडमास्तर खूश. म्हणाले, "समारंभाला दोघांनीही यायचं!"

मग काय, यांनाही कोट हवा! माप कोण घेणार? मी. लेकीनं छापून दिलेल्या कागदावर पहिलाच रकाना, उंची. भिंतीला उभं केलं, टेप लावली. एकशे बासष्ट. मी मनातल्या मनात हिशेब केला… पाच फूट चार! अहो, लग्न ठरवताना माझ्या वडिलांना पाच फूट सहा सांगितलं होतं! तीस वर्षं मी दोन इंच कमी भरलेल्या माणसाबरोबर संसार करतेय!

हे विचारतात, "किती भरली गं?" छाती फुगवून, टाचा किंचित उचलून… म्हटलं, एकशे बासष्ट! "बघ," म्हणाले, "मोठा आकडा आहे!"

जाऊ दे. माळ्यावरचे डबे तेव्हाही मीच काढत होते.