दोष ओल्या फरशीचा नव्हता

जमलेल्या वडीलधाऱ्या मंडळींनो, आणि बेदाण्याच्या शेडवरून कामाच्या कपड्यांतच आलेल्या मावश्यांनो,

मला चारचौघांत बोलायची सवय नाही. सांगलीत मी एक्स-रे काढते. तिथं 'श्वास रोखून धरा' एवढंच म्हणावं लागतं. आज आत्याविषयी बोलायचं आहे, आणि नेमकं बोलायचं आहे.

आत्या न्हाणीपाशी पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर न्यूमोनिया झाला आणि ती गेली. तेव्हापासून अंगणात एकच वाक्य ऐकते आहे : सुनेनं फरशी ओली ठेवली.

फरशी ओली होती. खरं आहे. पण उभ्यानं पडून भक्कम हाड सहसा मोडत नाही. आत्याचं हाड भक्कम राहिलंच नव्हतं.

आठवतं ना, इथं कवठे महांकाळात चिकुनगुनियाची साथ आली होती? आत्याचा ताप उतरला. आपण म्हणालो, बरी झाली. पण ताप गेला तरी सांध्यांतली सूज राहिली. वर्षानुवर्षं राहिली. आपलं हाड सतत थोडं झिजतं, सतत थोडं भरून येतं. सूज टिकली की झिजवणाऱ्या पेशींना जोर चढतो, भरणाऱ्या मागे पडतात. बाहेरून काहीच दिसत नाही.

तिच्या हाडांची तपासणी मीच केली. रिपोर्ट ऐकून म्हणाली, "म्हंजी बेदाण्याच्या उलटं की गं! त्यो वरनं सुरकुतलेला, आत गोड. मी वरनं टवटवीत, आत भुगा." मग लगेच, "आन् शेडातल्या बायकांचं काय? त्यांचीबी बोटं सुजल्यातच की."

पुढच्या खेपेला टेम्पो भरून बायका घेऊन आली. डॉक्टर म्हणाले, "मावशी, दवाखाना आहे हा, लग्न नाही."

"आवं, लग्नाला बोलवाय लागतं. ह्या न बोलवता आल्यात."

तुमच्यासारख्याच तिनंही हाडांच्या गोळ्या घेतल्या. पण तिची तपासणी उशिरा झाली होती. तुमची वेळेत झाली, मावश्यांनो. ती तिनं करवून घेतली. मला तिचा अभिमान आहे. फार अभिमान आहे.

ऑपरेशनला नेताना तिनं माझा हात धरला. "सुनीताला कुनी काय बोललं, तर तू गप बसू नगंस. माझी हाडं तुला ठावं हायती."

मी गप्प बसले नाही, आत्या.

सुनीतावहिनी, दाराआडून पुढं या. सासूच्या फोटोला पहिलं फूल तुम्ही वाहा. आपण सगळे उभे राहू या. आणि वहिनी फूल वाहून, इथं पुढच्या रांगेत येऊन बसेपर्यंत, कुणीही एक शब्द बोलू नये.