चढतं पाणी

— न्हाई, सही मी करत न्हाई. तो जबानीचा कागद आधी पिशवीत घाला, मग बोला. आन बोलायचं तरी काय ऱ्हायलंय? मी टँकर सोडला तवा खाडीत माणूस नव्हतं. एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, आता तिसऱ्यांदा सांगतो — नव्हतं. तुमी कोकणातून दोन गाड्या बदलून तलवाड्यात आलात ही तुमची हौस, मी काय आवतण धाडलं नव्हतं. बायने, च्या ठेवू नको, पाव्हणे चाललेत! — बसा म्हणलं ते ऊन हाय म्हणून म्हणलं, गप्पा मारायला न्हाई. आन पाय आवरा, शेळ्या बुजतात. मच्छीमार सोसायटीचे शेक्रेटरी का तुमी? असाल. आमच्याकडं बी सोसायट्या लई हायेत, दुधाची हाय, सुताची हाय, आन सगळ्यांना शेक्रेटरी हाय. दूध न्हाई, सूत न्हाई, शेक्रेटरी तेवढा हाय. तुमच्या खाडीत आता मासा हाय का? न्हाई ना? मग झालं की, तुमी बी आमच्यासारखेच.

मला काय हौस व्हती का तिकडं यायची? एकोणीस वर्षं कारखान्याचा टँकर चालवला मी, सहकारी कारखान्याचा, मळी भरून. एक ठेंब कधी रस्त्यावर सांडला न्हाई, कुनाला बी विचारा. मग तो दुष्काळ पडला. ऊसच न्हाई तर गाळप कशाचं, आन गाळप न्हाई तर डायव्हर कशाला — बसा घरी. जनावरं छावणीत नेऊन बांधली आन मी बसलो. बंकट म्हणून एक हाय गेवराईचा, तो तुमच्याकडं आधीच गेलता. त्यानं फोन केला, ये बे शहादेव, टँकर तर टँकर, मळी काय आन कंपनीचं पाणी काय. गेलो. कंपनीतून घाण, तेजाबी पाणी भरायचं आन सफाईच्या प्लांटला न्यायचं, असं कागदावर. पहिल्याच दिवशी ठेकेदार म्हणला, प्लांट लांब हाय, खाडीच्या पुलावर सोडून ये. सोडलं. कावून सोडलं? — आवं, मी ते पाणी बघून येडा झालतो! आमच्या इथं एका घागरीसाठी बायका एकमेकीच्या झिंज्या धरत व्हत्या, आन तिकडं बघावं तर एवढं थोरलं पाणी, दिवसातून दोनदा येतंय, दोनदा जातंय, कुनी पीत न्हाई, कुनी अडवत न्हाई. त्यात एका टँकरानं काय व्हणार? असं वाटलं. पहिला महिनाभर खरंच असं वाटलं.

मग दिसाय लागलं. न्हाई कसं दिसणार? रोज त्याच पुलावर उभा ऱ्हात व्हतो मी. चिखलावर ते बोटाएवढे मासे असायचे, टुणटुण उड्या मारणारे — हां, निवट्या — ते आधी गेले. मग पुलाखालची कांदळाची झाडं पिवळी पडली, मग त्यांच्या मुळ्या काळ्या झाल्या, जळल्या लाकडासारख्या. बगळे वरून फेरी मारायचे आन खाली न उतरता जायचे. वास तर इथं आल्यावर बी महिनाभर मपल्या कपड्यातून जात नव्हता, हिनं, बायनाबाईनं, शेवटी जाळले ते कपडे. मी बघितलं न्हाई असं म्हणलंच न्हाई. बघितलं. बघून सोडलं. पण माणूस नव्हतं हे बी तेवढंच खरं. आन मी सोडायचो ते बी उतरत्या पाण्यात, ओहोटी लागली की मग. घाण बाहेर समुद्रात जायची, तुमच्या अंगावर येत नव्हती. हे मला ठेकेदारानं न्हाई शिकवलं. तुमच्यातलीच एक बाई व्हती, चांगुणाबाई, तिनं —

कावून उठलात? बसा की. काय झालं?

— भाऊ? सख्खा?

मग हे आल्या आल्या सांगायला काय झालं व्हतं? घंटाभर शेक्रेटरी, शेक्रेटरी म्हणून बसलात मपल्या दारात, आन मी आपला बडबडतोय. दगा हाय हा. ... बसा. बसा म्हणतो ना. बायने, पाणी दे यांना.

तुमची बहीण पहिल्यांदा आली ती कोयता घेऊनच आली पुलावर, कालवं काढायचा तो कोयता. म्हणली, आमी काय आंधळ्या हाव का रे, काय वतून जातोस ते दिसत न्हाई आमाला? लई बोलली. मी खाली मान घालून ऐकलं. बोलून दमली, मग म्हणली, तू कुठला? म्हणलं बीडकडचा. म्हणली, तिकडं पाणी न्हाई म्हणतात ते खरं का? म्हणलं खरं हाय. मग काय तिच्या मनात आलं, म्हणली जेवलास का. पुलाच्या कठड्यावर बसून तिनं मला तांदळाची भाकर दिली, तिसऱ्यांचं, त्या शिंपल्यांचं, कालवण दिलं. तवा तिनं सांगितलं — तुझ्या मालकाला आमची सोसायटी बघून घेईल, पण तवर एवढं ऐक, चढत्या पाण्यात सोडू नको. उतरतं पाणी घाण घेऊन जातं, चढतं पाणी ती आमच्या पायाशी आणतं. बरं म्हणलं. पाच महिने पाळलं मी ते. पाणी उतरायची वाट बघत टँकरात झोपून ऱ्हायचो.

त्या दिवशी सकाळी टँकर भरून पुलावर आलो तर पाणी नुकतंच चढाय लागलतं. म्हणजे सहा तास बसणं आलं. बसलो. अकराच्या सुमारास फोन वाजला, हिचा. आत्याबाई हिरीत पडल्या, म्हणली. या, लगेच या — आन फोन कटला. परत लावतोय तर लागत न्हाई. गावच्या हिरीत टँकरचं पाणी सोडायचे त्या टायमाला, आन बायका दोर घेऊन काठावर तुटून पडायच्या. त्या गर्दीत मपली माय, सारजाबाई, सत्तर वर्षांची. जित्ती हाय का मेली, काय बी खबर न्हाई. बीडकडं येणारी गाडी दोनची, ती चुकली तर दुसऱ्या दिवशी. आन भरला टँकर ठेकेदाराच्या वाड्यात नेला असता तर त्यानं सोडला नसता मला. म्हणून मी व्हॉल्व फिरवला.

काय बघता असं माझ्याकडं? हां. व्हत्या. दिसत व्हत्या. तुमाला हेच ऐकायचं व्हतं ना? ती बारकी खाडी आत वळती तिथं, गुडघाभर चिखलात, चौघी जणी. वाकून तिसऱ्या काढत व्हत्या. मी हॉर्न मारला. आईच्यान मारला, लई टाईम दाबून धरला. त्यांनी वर बघितलं. चांगुणाबाईनं हात केला. तिला वाटलं मी नेहमीसारखा रामराम करतोय. मी हातानं खुणावलं, निघा, निघा — तिनं पुन्हा हात केला. पळत जाऊन सांगायला किती येळ लागला असता? दहा मिनटं. बांधावरून दहा मिनटं. मी रोज मोजतो ती वाट, इथं बसून. न्हाई गेलो. व्हॉल्व उघडला, टँकर रिकामा व्हईस्तोवर तोंड फिरवून उभा ऱ्हायलो, आन गाडी गाठली.

पुढचं मला बंकटनं फोनवर सांगितलं. तिघी पाय भाजून वर आल्या. त्यात चांगुणाबाई बी व्हती, पण चौथी — तुमची भावजय ना ती? — ती चिखलात रुतली म्हणून चांगुणाबाई माघारी गेली. तिला ढकलून वर काढलं आन सोता तोंडावर पडली. अकरा दिवस जगली म्हणं दवाखान्यात. डोळे आधी गेले. ... तुमी व्हतात का जवळ? व्हतात. मग मी कशाला सांगतोय तुमाला.

आन मपली माय? इथं पोचलो तर दारात बाजेवर बसलेली, पाय बांधून. कंबरभर पाण्यातच पडली व्हती, चार बायकांनी दोर टाकून काढली, पायाचं एक हाड मोडलं तेवढं. मला बघून म्हणली, तू कावून आलास रं काम सोडून, मी काय मरत व्हते का? दीड वर्ष जगली त्यानंतर. तिला मी काय बी सांगितलं न्हाई. हिला बी न्हाई. ती बघा दारात उभी हाय, ती आज ऐकतीय.

आता काढा तो कागद. काढा! सही न्हाई करत म्हणलं ते यासाठी, की तो खोटा हाय. त्यात लिहिलंय, ठेकेदाराच्या सांगण्यावरून भरतीच्या वक्ताला सोडलं. ठेकेदारानं खाडीत सोड म्हणलं, पहिल्या दिवसापासून म्हणला, ते लिहा, कुठं बी उभं करा, मी सांगतो. पण ती येळ त्यानं सांगितली नव्हती. ती येळ मपली. — वकील काय म्हणतो ते मला सांगू नका. मी आत जाईन ना? जाईन. तुमी कशाला रडता त्याला? तुमी लिहा. पाणी चढत व्हतं हे मला ठाऊक व्हतं. लिहिलं? चढत्या पाण्यात सोडू नको असं मयत बाईनंच मला सांगितलं व्हतं. लिहा. आन बाया दिसत व्हत्या. ... वाचून दाखवा.

न्हाई. 'दिसल्या असाव्यात' न्हाई. कुनावर उपकार करताय? दिसल्या. खोडा ते.

हां. द्या इकडं. अंगठा न्हाई, सही येती मला.

झालं. आता उठा. हात जोडू नका, काय बी बोलू नका, माफी मी मागितली न्हाई आन तुमी देऊ नका. गेवराईची गाडी फाट्यावर येती, निघा. — बायने, बघत काय ऱ्हायलीस, फाटक लाव त्यांच्या मागं.