दोन मोठे, बारा सारखे

हॅलो? … हॅलो? कोण? … हो, प्रेमलताच बोलून राहिली. … जबलपूरचा ट्रंक कॉल? हो, हो, जोडा ना.

हॅलो, ताई? … हो, येते ऐकू. जरा मोठ्यानं बोल, मध्ये कोणी गहू दळून राहिल्यासारखा आवाज येते. … आता बरं आहे. … नाही वं, दम नाही लागला. सिंधूताईनं भिंतीवरून हाक मारली, तशीच कणकेच्या हातानं पळत आली मी. त्यांचा फोन भरला पहा सगळा. … हो, सांगते त्यांले तुझा नमस्कार.

हो, हो, गेली होती ना काल! शाळा सुटल्यावर सरळ इतवारीत, सराफाकडं. … अवं ऐक ना, सगळं सांगते, तू आधी बोटाचं माप सांग. … दोरा पाठवला म्हणजे? पत्रात दोरा? दोरा ताणला जाते वं ताई! गणपतराव सराफ म्हणाले, ही तुझी इटर्निटी अंगठी का काय, ती एकदा घडली की मग ना सैल होत, ना घट्ट. चारी बाजूंनी हिरेच हिरे, कापायची कुठं? साधी अंगठी असती तर… हो, तेच. कागदाची पट्टी गुंडाळ, अन् संध्याकाळी माप घे, सकाळी बोट बारीक असते. … हसू नको. पंचवीस वर्षांत बोट जाड होणारच. माझंही झालं, अन् मले तर कोणी अंगठीही घातली नाही.

बरं, हिरे. … गर्दी म्हणजे! ठेल्यामागं ठेला, माझ्या चपलेचा अंगठाच तुटला. … सांगते ना! गणपतरावांनी मले दुकानाच्या दाराशी बसवलं, उजेडात. पांढऱ्या पुडीतून हिरे काढले. म्हणाले, "मास्तरीणबाई, हे चौदा तुमच्या भाऊजींनी दिलेले, घरचे. यांच्याशी जुळतील असे नवे निवडा." … हो, मागच्या महिन्यात नागपूरवरून जाताना देऊन गेले ना भाऊजी? … तेच.

काय पाणी होतं ताई त्या चौदाले! नवे नुसतेच चमचम करतात. हे जुने कसे, शांत. आतून उजेड येते. मी दीड तास बसली. एकेक चिमट्यानं उचलायचा, जुन्याच्या बाजूले ठेवायचा, वाकून पाहायचं. पिवळट वाटला की परत. गणपतराव म्हणे, तुमची नजर पक्की आहे, शाळा सोडा अन् दुकानात बसा. … मग! मी म्हटलं, माझ्या ताईच्या लग्नाची पंचविसावी आहे, डोळे फुटले तरी चालेल.

सात निवडले. गोलाले एकोणीस लागतात. … कसे म्हणजे? बारा जुने, सात नवे. … चौदा आहेत वं, पण त्यातले दोन बसत नाहीत. जरा मोठे आहेत. बारा अगदी सारखे, अन् दोन मोठे. गणपतराव विचारून राहिले होते, या दोघांचं काय करायचं. मी म्हटलं, ताईले विचारून सांगते. जोडीच आहे ती. एक मोठा, भोवती सहा. दुसरा मोठा, भोवती…

…

नाही, आहे. आहे मी.

ताई, हे चौदा कुठले? … नाही, तू सांग ना. … भाऊजींनी मुंबईहून आणले? पण गणपतराव तर घरचे म्हणाले. … सासूबाईंच्या नथीतले? नथीत चौदा हिरे कुठं मावतात वं? … थांब. एक मिनिट थांब. सिंधूताईच्या खोलीचं दार लोटते.

हं. बोल आता. … ओरडून नाही राहिली मी. मोजून राहिली. मधी एक, भोवती सहा. दोन वेळा. कुडी अशीच असते, ताई. … आईच्या कुड्या आहेत त्या. हो का नाही, एवढंच सांग.

…

रडू नको. आधी सांग, मग रड.

…

तीन वर्षं झाली आईले जाऊन. तीन वर्षं, ताई! अन् काल दीड तास मी आईच्याच हिऱ्यांकडं पाहत बसली, मले ओळखू नाही आले. सोन्यातून काढले की कोणाचेही दिसतात. अन् तू मलेच पाठवलं. "प्रेमा, तुझ्याशिवाय कोणावर भरोसा नाही" असं लिहिलं होतं तू पत्रात. मी ते पत्र शाळेत वाचून दाखवलं सगळ्यांले.

… तू मोठी म्हणून घेतल्या? बरं, तू मोठी. मागितल्या असत्या तर दिल्या नसत्या का मी? दोन्ही दिल्या असत्या. आई म्हणत होती दोघींले एकेक, पण मी एक कुडी घेऊन काय केलं असतं? मले कुड्यांचं काही नाही. खड्ड्यात जाऊ दे त्या कुड्या.

मले जयवंताचं सांग.

… तिचं काय म्हणजे? अकरा वर्षं जिनं आईचं सगळं केलं, ती जयवंता. विसरली? आई अंथरुणाले खिळली तेव्हा मी शाळेत, तू जबलपूरले. आईले उचलून बसवत कोण होतं? अंग कोण पुसत होतं? तेराव्याच्या दिवशी करंडा उघडला अन् कुड्या नाहीत, तेव्हा तूच म्हटलं, खोलीत एकटी तीच असायची. … तूच म्हटलं, ताई. मी नाव नव्हतं घेतलं. … हो, ऐकलं मी तुझं. ते माझं चुकलं. तू म्हटलं अन् मी ऐकलं.

मी तिचं गाठोडं अंगणात झटकलं. सगळा मोहल्ला पाहून राहिला होता. पदराची गाठ तिनं आपणहून सोडून दाखवली, मी तर सांगितलंही नव्हतं. सुपारीचं खांड निघालं. म्हणाली, "बाई, आईच्या कानाले माझा हात लागला तो वेणी घालताना." मी तोंड फिरवलं, ताई. अन् तू माझ्या मागं उभी होती.

एक सांग. तेव्हा कुड्या कुठं होत्या? … नंतरचं नको सांगू. तेव्हा. मी गाठोडं झटकून राहिली होती, त्या घडीले. … मोठ्यानं बोल. …

पर्समध्ये.

त्या काळ्या पर्समध्ये? … जिच्यातून तिले घालवताना तू तिकिटाले पाच रुपये काढून दिले, त्याच? … अवं, मी कौतुक करत फिरली वं तुझं! चोरी झाली तरी ताईनं भाडं दिलं, म्हटलं, पहा ताईचं मन. ह्या सिंधूताईंलेच सांगितलं मी, याच घरात.

… कुठं असेल म्हणजे? मले माहीत आहे. भिवापूरले आहे ती. मिरच्या वाळवतात त्या सातऱ्यावर बसून दिवसभर देठ खुडते. आमच्या शाळेतली कौसल्या तिकडची, ती सांगत होती. हाताची अशी आग होते की भाकरी तोडवत नाही म्हणे. … इकडं कोण ठेवेल तिले कामावर? नाव झालं ना चोर म्हणून. आपण केलं.

… काय म्हटलं? साडी? … साडी पाठवते तू तिले? …

भाऊजींले कळू देऊ नको? म्हणजे त्यांलेही माहीत नाही? मग त्यांले काय सांगितलं? … आईनं तुले दिल्या. अच्छा. आईनं दिल्या. मेलेल्या माणसाचं बरं असते, ते काही म्हणत नाही.

नाही ताई, गप्प नाही बसणार मी. गणपतरावांले आजच सांगते, घडवू नका. अन् रविवारी छोट्या लाइनीच्या गाडीनं भिवापूरले जाते. सातऱ्यावर, सगळ्या बायांसमोर सांगते तिले. गाठोडं सगळ्यांसमोर झटकलं, तर हेही सगळ्यांसमोर. झडती मी घेतली, ते मी सांगीन. तुझं तू सांग.

… हो, तू. तू ये. शनिवारी निघ, मी स्टेशनवर घ्याले येते. … लाज वाटते? वाटू दे ना. मलेही वाटून राहिली. दोघी मिळून जाऊ. तिच्यासमोर उभी राह्य अन् म्हण, जयवंता, मी घेतल्या होत्या. बस, दुसरं काही नाही मागत मी तुले. मग त्या हिऱ्यांची अंगठी कर नाही तर कन्हान नदीत फेक, मी विचारणार नाही. … मी एकटी गेली तर तिले वाटेल, मेलेल्या आईवर, नाही तर बहिणीवर ढकलून ही मोकळी झाली. तुझ्या तोंडून ऐकू दे तिले.

येशील ना? … ताई, भांडून नाही राहिली मी. तू ये म्हणते आहे. … येशील ना?

…

हॅलो? … हॅलो, ताई? …

कोण? … हो, ऑपरेटर. … नाही, बोलणं नाही झालं. … पुन्हा लावून पाहता? …

नको. लाइन नाही कटली. तिनं ठेवला.