कोन धरून बसलंय

ओढू नका ताई, ओढू नका — पेनड्राइव्ह आहे तो, मुळा नाय! बिझी म्हनतोय ना? म्हंजे आतली एखादी फाईल कुठल्यातरी प्रोग्रामने धरून ठेवलीय. कुठल्या? तेच तर आधी विचारायचं. लिनक्सला विचारता येतं — हे बघा, एलएसओएफ मारलं की यादी येते, कोनी कुठली फाईल धरलीय ती. थांबा जरा, मशीन जुनं आहे. तुमी भातसानगरच्या एसटीने जानार ना, मग आहे टाइम. यादी नीट वाचायची — शेवटपर्यंत, काय? मी नाय वाचली एकदा.

आमची आई, धोंडाबाई — डोळखांबकडे लग्नात धवला गायची, धवलारीन होती. तिला इथं याच खुर्चीत बसवलेली, माइकसमोर. म्हनते, नवरा-नवरी नायत तर गाऊ कोनासाठी? शेवटी दोन सुपाऱ्यांना हळद लावून मॉनिटरवर ठेवल्या — हसू नका — तेव्हा कुठं गायली. पाऊन तास! मग त्या पावसाळ्यात गेली ती. बाबा बाजाराच्या दिवशी एसटीने यायचे, हेडफोन लावून ऐकत बसायचे. एक दिवस मी जुनी फोल्डरं उडवत होतो, सगळं सीडीवर उतरवलंय म्हनून — आईचं तेवढं राहिलेलं, आनि तेच उडवलं. पन गानं चालूच! बाबा मान हलवतायत, मला संशय कशाला येतोय? फाईल उडवली तरी ज्याने धरलीय त्याच्याकडे ती राहते, ताई. मग डिस्क बदलायची होती, सुटेना. यादी काढली. प्लेअर, आईची फाईल, आनि पुढे कंसात लिहिलेलं, डिलीटेड. रोज दहादा बघतो ती यादी — वाचलंच नाय. प्लेअर मारला, म्हंजे जबरीने बंद पाडला.

बाबांनी हेडफोन काढला, म्हनाले, ही गप का झाली रे?

नंतर कळलं, तोवर ती बाहेर काढता आली असती. साधी कॉपी करायची — फक्त धरनारा चालू पाहिजे. तो तर मीच मारला. डिस्क कल्यानला नेली, काय मिळालं नाय. बाबांना काय सांगनार? म्हटलं, आईचं गानं होतं ती डिस्क बिघडलीय, पार्ट यायचाय. दोन वर्षं झाली. दर बाजाराला विचारतात. सुपाऱ्या? आहेत, ड्रॉवरमध्ये. मला नाय टाकवत.

हं, आली यादी. तुमचे फोटो दाखवनारी खिडकी खाली उघडी राहिलीय, बस. डिलीटेड कुठं नाय ना? तुमीपन वाचा... नाय ना? केली बंद. घ्या, सुटला.

पैशे राहू द्या, ते — ताई, ते पायरीवर आलेत ना, ते बाबा. तुमी काय बोलू नका.

या बाबा, बसा. नाय ओ, अजून नाय आला पार्ट. पुढच्या बाजाराला बघू.

ताई, तुमी निघा आता.