पाडव्याच्या फोटोबाबत पुरवणी जबाब

मी, कांचन सुमंत देवस्थळी, वय ६६ वर्षे, काम घरकाम, पूर्वी नागपुरात संगीत शिक्षिका, राहणार शुगर लँड, टेक्सास, आज दिनांक २३ एप्रिल २०२५ रोजी सकाळी १०.२० वाजता स्वतःहून हजर होऊन सांगते की, मला इंग्रजी येते. परंतु इंग्रजीत मी समोरच्याला हो म्हणून मोकळी होते, म्हणून दुभाष्यामार्फत मराठीतून सांगत आहे. दिनांक १८ रोजीच्या माझ्या जबाबात दोन गोष्टी खोट्या आहेत.

आमच्या घरी मी, पती सुमंत, मुलगी उर्वी, वय ३१, आणि रीम हद्दाद, वय २९, असे चौघे राहत होतो. रीम पॅलेस्टाइनमधील बैत जाला गावची. ती गाते आणि ऊद हे तंतुवाद्य वाजवते. ती उर्वीची मैत्रीण आहे. कोणत्या अर्थाने, असे विचारल्यावरून सांगते की, वरच्या मजल्यावर दोघींची खोली एकच होती. रीमच्या आईला हे माहीत नव्हते. रीम मला म्हणाली होती, "काकू, आईला मीच सांगणार. माझ्या वेळेला."

ती फोनवर अरबीत बोलताना दार लोटून घेई. मला ते खटकत असे. कोणत्या दिवशी किती वेळ बोलली, हे मी लक्षात ठेवी.

मार्चमध्ये गाण्याच्या एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी तिची निवड झाली. स्पर्धेच्या पत्रकाच्या मसुद्यात पहिल्याच ओळीत, तिचे एका मुलीवर प्रेम आहे असे होते. पॅलेस्टाइन हा शब्द काढून 'मध्यपूर्व' घातला होता. पॅलेस्टाइनचे नाव स्टेजवर उच्चारायचे नाही, अशीही अट होती. रीम जेवताना म्हणाली, "एक मिरवायचं, एक लपवायचं. कुठलं काय, ते ठरवणार हे लोक!" दिनांक ९ एप्रिल रोजी तिने माघार जाहीर केली. त्यानंतर तिला शिवीगाळीचे मेसेज येऊ लागले.

दिनांक १२, शनिवारी, सकाळी अकराच्या सुमारास एक इसम दाराशी आला. वय अंदाजे चाळीस, निळा टी-शर्ट, गळ्यात ओळखपत्र. ओळखपत्र मी वाचले नाही. घरात मी एकटी होते. स्पर्धेच्या ऑफिसमधून आलो, रीमला परत घ्यायचा विचार चालू आहे, असे तो म्हणाला. मी त्याला चहा दिला. दोघी एकत्र राहतात का, असे त्याने विचारले. मी हो म्हटले. घरगुती फोटो आहे का, असे विचारले. मी फोनवरून पाठवला.

फोटो पाडव्याचा आहे. रीमने माझी हिरवी साडी नेसली आहे. उर्वीने तिच्या कपाळाला ओठ लावले आहेत. फोटो मीच काढला होता.

का पाठवला, असे विचारल्यावरून सांगते की, स्पर्धेला गेली असती तर रीम सहा आठवडे घराबाहेर राहिली असती.

दिनांक १६ रोजी तो फोटो आमच्या पत्त्यासह इंटरनेटवर आला आणि रीमच्या भावाच्या फोनवर पोचला. तेव्हापासून तिची आई फोन उचलत नाही. १८ तारखेला सकाळी रीमच्या गाडीची काच फुटलेली दिसली. मागच्या सीटवर ऊद होता, त्याची मान मोडलेली होती. असा माणूस आमच्याकडे नाही, असे स्पर्धेच्या ऑफिसने कळवले आहे. तो कोण होता, हे मला माहीत नाही.

१८ तारखेच्या जबाबात मी लिहून दिले की घरी कोणी परका आला नव्हता. तसेच, माझा संशय रीमसोबत तबला वाजवणाऱ्या नबील याच्यावर आहे, असे सांगितले. त्यास आधार नव्हता. तो आमच्याकडे दोनदा जेवला होता, एवढेच. नबील एका शाळेत संगीत शिकवतो. चौकशी संपेपर्यंत येऊ नका, असे शाळेने त्याला सांगितले आहे. त्याचे नाव माझ्या तोंडून गेले आहे, ते मी मागे घेत आहे.

पती म्हणाले, "आता बोलून काय मिळणार? सगळं शांत झालंय." मी गाडी घेऊन एकटी आले.

रीमला मी रविवारी सांगितले. तिने शेवटपर्यंत ऐकले. मग विचारले, "चहा दिलात त्याला?" मी हो म्हटले. ती वर गेली. दुपारी दोघी सामान घेऊन गेल्या. त्या सध्या कुठे आहेत, असे विचारल्यावरून सांगते की, उर्वीने पत्ता दिलेला नाही. मी मागितलेला नाही.

हा मजकूर दुभाष्याने मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तेवढेच यात लिहिले आहे, आणि या वेळी ते खरे आहे.

(सही) कांचन सु. देवस्थळी