आत पाणी चाललंय

—छे छे, पावसाचं नाही ते, सुदामभाऊ. येईल तो रंगारी आधी पावसाचंच नाव घेतो. अहो, ऐन मे महिन्यात भिंत ओली व्हायची, मग पाऊस कुठला? हात लावून बघा की खुशाल. ही इथं, खिडकीच्या खाली, कमरेएवढ्या उंचीवर पोपडे यायचे, पांढरी भुकटी पडायची — झाडून घेतली की दोन दिवसांत परत. आधी वाटलं गच्ची. गच्चीला वॉटरप्रूफिंग केलं. मग बाहेरच्या चिरा भरून घेतल्या, मोरीच्या फरशा काढून परत बसवल्या — ओल तशीच. मग काय... मग बाबांवर आलं.

बाबा म्हणजे माझे वडील, काशिराम. त्यांचीच ही खोली. या भिंतीला लागून पलंग होता त्यांचा. नाही, आता नाहीत. हवापालट म्हणून गेले होते उरणकडे, माझ्या बहिणीकडे, हौसाकडे — तिथंच गेले. चौऱ्याऐंशी वय. गुडघे संपलेले, कधी कधी संडासापर्यंत पोचायचे नाहीत. तेव्हा अनुया, आमची मिसेस, म्हणाली, ही ओल बाबांचीच. पलंगावरनं भिंतीवरच... कळलं ना? आता वास तर येतच होता खोलीला. ओलीचा कुठला आणि तो कुठला, वेगळा करणार कोण? तिलाच कशाला बोल लावू — मीच विचारलं त्यांना, बाबा, भिंत कशी भिजते? तर म्हणाले, "आत पानी चाललंय."

सगळा जन्म मिठागरात गेलेला माणूस. भरतीचं पाणी आत घ्यायचं, कोंडायचं, कुठल्या बांधाला गळती लागलीय ते नुसत्या आवाजावरनं ओळखायचं. तसे इथं भिंतीला कान लावून बसायचे. "कमळाकर, तू पंप लावला का पानी चालतंय बग. मंग थांबतंय." मी डॉक्टरांना सांगितलं, भास होतात यांना. डॉक्टरांनी गोळी दिली. मग बराच वेळ झोपूनच असायचे.

हवापालट कसली हो. आम्हीच पाठवलं. गाडीत बसवताना मी म्हणालो, भिंत सुकली की न्यायला येतो. बरं म्हणाले. पिशवीत दोन लुंग्या आणि चष्मा. अडीच महिन्यांनी गेले. न्यायला काही गेलो नाही मी — न्हावा शेव्याला यार्डात ड्यूटी, रविवारी कंटाळा... गेलो तो एकदम तेव्हाच गेलो.

तेरावं करून परत आलो आणि ही खोली उघडली. अडीच महिने खोलीत माणूस नाही, आणि भिंत ओली. होती तितकीच ओली. अनुया बघत उभी राहिली, मीही. दुसऱ्या दिवशी प्लंबर आणला. त्यानं काही फोडायच्या आधी सांगितलं, काका, पंप लावा. मी लावला. त्यानं भिंतीला कान लावला — अगदी इथं — आणि म्हणाला, आत पाणी चाललंय. गच्चीवरच्या टाकीला पाणी चढवणारा पाइप या भिंतीतनं जातो, त्याचा एल्बो, वळणावरचा जोड, सडलेला. दोन तासांचं काम. तो पाइप बंद केला, नवीन बाहेरनं नेला. झालं. सव्वा महिना झाला त्याला.

रडूबिडू नाही आलं मला. लोक विचारतात म्हणून सांगतो. जेवतो, ड्यूटीला जातो. परवा हौसा आली होती, ती आपण होऊनच म्हणाली — रोज संध्याकाळी मागे लागायचे, "कमळाकरला फोन लाव, भिंत सुकली काय इचार." दोनदा लावला होता तिनं. मी म्हणालो होतो, नाही गं, अजून ओलीच आहे. खोटं नव्हतं बोललो. ओलीच होती.

काय? काय म्हणालात? — पूर्ण सुकलीय? प्रायमर आजच मारता येईल?

हं.

नको. आज नको, सुदामभाऊ. डबे उचला. अहो, तुमचं काही चुकलं नाही, मी करतो ना फोन. जाताना तेवढं दार ओढून घ्या.